मागून येणाऱ्या मोटारी

शर्यत म्हटली, की पहिला कोण आला एवढेच विचारायचे, अशी आपणां सर्वांची सवय आहे. शाळेच्या मैदानावरची शंभर मीटरची धाव घ्या, नाही तर माळावरची बैलगाड्यांची शर्यत घ्या. निशाण पडते, धुरळा उडतो, आणि तो खाली बसायच्या आत निकाल लागलेला असतो. दुसरा कोण आला हे चार दिवसांनी त्याच्या घरच्यांनाच काय ते आठवते. आज ज्या शर्यतीविषयी मी तुम्हांला सांगणार आहे, ती चोवीस तास चालते. आणि तिथे हजारो प्रेक्षक असे असतात, की पहिल्या येणाऱ्या मोटारीकडे ते फारसे पाहतच नाहीत. त्यांचा जीव गुंतलेला असतो तो मागच्या मोटारींत. एकंदर क्रमवारीत पंचविसावी किंवा तिसावी येणाऱ्या मोटारीत. पदरमोड करून, तंबूत राहून, रात्रभर जागून माणसे तिसाव्या नंबरामागे का लागतात? मला स्वतःला हे कोडे बरेच दिवस उलगडले नव्हते. एका पुतण्याने ते उलगडून दिले. त्याची हकीकत पुढे येईलच.

फ्रान्समध्ये, पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे दोनशे किलोमीटरवर ल माँ नावाचे शहर आहे. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ते 'ले मान्स' असे छापतात. फ्रेंच माणूस शेवटचा 'स' गिळून टाकतो. या शहराबाहेर १९२३ च्या मे महिन्यात, २६ आणि २७ तारखेला, चोवीस तासांची पहिली शर्यत झाली. हेतू मोठा व्यवहारी होता. मोटार वेगाने पळते हे लोकांना ठाऊक झाले होते. पण ती रात्रभर टिकते का, तिचे दिवे नीट जळतात का, पावसात ती बंद पडत नाही ना, हे बघायचे होते. म्हणून दुकानात विकत मिळतात तशाच मोटारी आणा, असा आग्रह होता. सुरुवातीच्या वर्षांत तर चालकाला वाटेत थांबून मोटारीचा कापडी टप स्वतःच्या हाताने उभारावा लागे आणि काही फेरे टपासकट मारावे लागत. गिऱ्हाइकाला जे करावे लागणार, ते चालकानेही करून दाखवावे, हा त्यामागचा न्याय. त्या पहिल्या वर्षी लागाश आणि लेओनार या दोघांनी शनार-वॉकर जातीची मोटार २,२०९ किलोमीटर पळवली. आता कोरड्या हवामानाच्या वर्षी पहिली येणारी मोटार पाच हजार किलोमीटरांच्या वर जाते.

मार्गाचा एक फेरा १३.६२६ किलोमीटरांचा आहे. त्यातला मोठा भाग म्हणजे साधा सरकारी रस्ता. ल माँहून तूर शहराकडे जाणारा जो रस्ता वर्षभर ट्रक आणि घरगुती मोटारी वापरतात, तोच जूनमधल्या त्या आठवड्यात बंद करून शर्यतीला देतात. शनिवारी दुपारी चार वाजता सुरुवात होते, आणि रविवारी चार वाजता चौकटीचे निशाण फडकते. आपल्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. म्हणजे पाहा, आपल्याकडे शनिवारी दिवेलागणीनंतर सुरू झालेली शर्यत रविवारी पुन्हा दिवेलागणीलाच संपते. मधल्या वेळात आपली जेवणे होतात, झोप होते, रविवारचा बाजार होतो, आणि तिकडे त्याच मोटारी त्याच रस्त्यावर फिरतच असतात.

आता 'मागच्या मोटारी' म्हणजे काय ते सांगतो. अलीकडच्या वर्षांत या शर्यतीत ६२ मोटारी उतरतात, पण त्या सगळ्या एका जातीच्या नसतात. सर्वांत पुढे असतात त्या खास शर्यतीसाठीच बांधलेल्या हायपरकार, वीस-बावीस. त्यांच्या खालोखाल दुसरा वर्ग. आणि सर्वांत हळू, पण संख्येने भरघोस, असा जी.टी. मोटारींचा वर्ग. जी.टी. म्हणजे ग्रँड टूरिंग. मूळ इटालियन शब्द 'ग्रान तुरिस्मो', म्हणजे थाटात लांबचा प्रवास करण्याजोगी मोटार. पोर्श, फेरारी, ॲस्टन मार्टिन, कॉर्व्हेट, बी.एम.डब्ल्यू., फोर्ड मस्टँग ही त्यांतली काही घराणी. या मोटारी शर्यतीसाठी सोलून, हलक्या करून, लोखंडी पिंजऱ्याने मजबूत केलेल्या असतात. पण त्यांचा चेहरामोहरा रस्त्यावर दिसणाऱ्या मोटारीचाच असतो. तो बघून एखादा पोरगा म्हणू शकतो, "ही बघा, असलीच मोटार मी त्या हॉटेलासमोर उभी असलेली पाहिली." हायपरकारविषयी असे कोणी म्हणू शकत नाही. ती मोटारीपेक्षा चाके लावलेल्या विमानासारखी दिसते. जी.टी.च्या चाहत्यांचे प्रेम इथूनच सुरू होते.

या तिन्ही वर्गांच्या मोटारी एकाच रस्त्यावर, एकाच वेळी धावतात. प्रत्येक वर्गाचा पहिला, दुसरा, तिसरा वेगळा. म्हणजे ही एकात एक बसवलेल्या तीन शर्यतींची शर्यत आहे. गुरुजींनी वर्गात घालावे असे एक गणित इथे सहज सुचते. हायपरकारचा फेरा सुमारे २०८ सेकंदांत होतो, जी.टी.चा सुमारे २३८ सेकंदांत. दोघी बरोबर निघाल्या, तर वेगवान मोटार हळू मोटारीला पूर्ण एक फेरा मागे टाकून पुन्हा तिच्या पाठीशी केव्हा येईल? घड्याळाचे दोन काटे पुन्हा केव्हा भेटतील, त्याच जातीचे हे उदाहरण. उत्तर येते सुमारे साडेसत्तावीस मिनिटे. आता वेगवान मोटार एकच नाही. वीसहून अधिक आहेत. म्हणजे जी.टी.च्या चालकाला अर्ध्या तासात वीसदा, आणि अख्ख्या शर्यतीत हजाराच्या घरात, मागून भरधाव येणाऱ्याला वाट द्यायची असते. ती देताना स्वतःचा वेग घालवायचा नाही, बाजूच्या घाणीत चाक जाऊ द्यायचे नाही, आणि पुढे-मागे आपल्याच वर्गातली मोटार असेल तर तिच्याशी चाललेली झुंजही सोडायची नाही. समोर पाहून चालवणारे पुष्कळ असतात, आरशात पाहून चालवणारे थोडे. ही विद्या ओळखणारा प्रेक्षक मग मागच्या मोटारींवर नजर ठेवतो, कारण खरी कसोटी तिथे आहे असे त्याला वाटते. मलाही आता तसेच वाटते.

बरे, चौदा किलोमीटरांच्या फेऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला दिसते तरी किती? मोटार चार मिनिटांनी एकदा समोरून जाते. दोन-चार सेकंद दिसते, की गेली. म्हणून इथला प्रेक्षक कानांनी शर्यत बघतो. तुम्हां-आम्हां रेडिओच्या मंडळींना आवडेल अशी गोष्ट आता सांगतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीअखेरीस या शर्यतीसाठी 'रेडिओ ल माँ' नावाचे इंग्रजी प्रसारण सुरू झाले. इंग्लंडातून खाडी ओलांडून येणाऱ्या प्रेक्षकांची संख्या मोठी, आणि मैदानावरचे कर्णे फ्रेंच बोलणारे. त्यांना कळणार काय? मग ९१.२ या एफ.एम. लहरीवर चोवीस तास, न थांबता, धावते वर्णन होऊ लागले. प्रेक्षक खिशात छोटा रेडिओ ठेवतो, कानात तार घालतो, आणि कुंपणाशी उभा राहतो किंवा तंबूत आडवा होतो. जॉन हिंडहॉ यांचा आवाज तिथल्या चाहत्यांना घरच्या माणसासारखा ओळखीचा आहे. पुढे कोण चालले आहे हे कोणीही सांगेल, पण जी.टी. वर्गात चौथ्या क्रमांकाच्या मोटारीने या फेऱ्याला तीन सेकंद भरून काढले, हे सांगणारा माणूस लागतो. ते ऐकून लोक वहीत आकडे लिहितात. कोणती मोटार केव्हा तेल भरायला आली, पुन्हा केव्हा येईल, टायर बदलले की नाही, चालक बदलला का, याचा हिशेब ठेवणारी माणसे मुनिमासारखी रात्रभर बसलेली असतात.

आणि रात्र हीच या शर्यतीची शोभा. जूनमध्ये तिकडे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. अंधार पडला की मोटारींचे आकार नाहीसे होतात, उरतात फक्त दिवे आणि आवाज. कित्येक वर्षे तिथे अशी रीत होती, की वेगवान मोटारींचे दिवे पांढरे आणि जी.टी.चे पिवळे. त्यामुळे काळोखात दोन पिवळे ठिपके दिसले, की 'आपल्यातली आली' असे म्हणत लोक उठून उभे राहत. मुरलेल्या चाहत्याला दिव्यांचीही गरज नसते. जुन्या कॉर्व्हेटचे आठ सिलिंडरचे एंजिन ढगासारखे गडगडे. पोर्शचे सहा सिलिंडरचे एंजिन वरच्या पट्टीत किंचाळते. डोळे मिटूनही माणूस सांगतो कोण गेले ते. लांब सरळ रस्ता संपून वळण येते, तिथे ब्रेक दाबला की चाकांमधल्या तबकड्या निखाऱ्यासारख्या लाल होतात. हे बघण्यासाठी लोक मध्यरात्री चालत जातात. पलीकडे आकाशपाळणा फिरत असतो, खाण्याच्या दुकानांचा धूर असतो, गवतावर कोणी घोंगडीत गुरफटून झोपलेले असते. म्हटलं तर जत्राच. फक्त पालखीच्या जागी मोटारी, आणि प्रदक्षिणा रात्रभर. २०२३ साली शर्यतीला शंभर वर्षे झाली, तेव्हा सव्वातीन लाख लोक लोटले होते.

रात्रीचा पाऊस मात्र कधी कधी सगळ्यांचीच परीक्षा घेतो. २०२४ साली इतका पाऊस झाला, की चार तासांहून अधिक काळ सर्व मोटारींना पुढे चालणाऱ्या संथ गाडीच्या मागून, एका रांगेत चालवावे लागले. शर्यत चालू, पण कोणी कोणाला ओलांडायचे नाही. तेव्हाही कुंपणाशी छत्र्या घेऊन माणसे उभी होती. कशासाठी, असे विचाराल तर त्यांनाही नीट सांगता यायचे नाही.

जी.टी.च्या शर्यतीत चुरस नसते असा कोणाचा समज असेल, तर त्याने २०१७ सालचा शेवट आठवावा. तेवीस तास आणि पन्नासहून अधिक मिनिटे झाली होती. जी.टी.च्या वरच्या गटात कॉर्व्हेट पुढे होती, जॉर्डन टेलर चालवत होता. तिच्या पाठीला चिकटून ॲस्टन मार्टिन, जॉनी ॲडम. दोघांत काही हातांचे अंतर. शेवटून दुसऱ्या फेऱ्यात ॲडमने एका वळणावर आत घुसायचा प्रयत्न केला, तो फसला. आता संपले, असे वाटले. पण फेरा संपता संपता टेलरची मोटार वळणावर रस्ता सोडून खडीवरून गेली, पुढच्या टायरमधली हवा जाऊ लागली, आणि शेवटचा फेरा सुरू होतो न होतो तोच ॲस्टन मार्टिन बाजूने निघून गेली. लंगडत चाललेल्या कॉर्व्हेटला फोर्डनेही गाठले आणि तिचा नंबर तिसरा लागला. चोवीस तासांचे काम शेवटच्या चार मिनिटांत उलटले. त्या वर्षीची पहिली आलेली मोटार कोणती, हे सांगायला पुष्कळांना आठवावे लागते. हा फेरा मात्र चाहत्यांना तोंडपाठ आहे.

आता माझ्या पुतण्याची गोष्ट. तो तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतो. मोटारसायकली, ट्रॅक्टर, जे दारात येईल ते दुरुस्त करतो. २०२३ च्या जूनमध्ये मी गावी गेलो होतो. दहा तारीख, शनिवार. पाऊस अजून आलेला नव्हता, अंगणात बाजा टाकलेल्या होत्या. त्याने फोनवर तेच रेडिओ ल माँ लावले होते. इंटरनेटमुळे ते आता जगात कुठेही ऐकू येते. त्याला इंग्रजी अर्धेमुर्धे कळते, म्हणून मला जवळ बसवून घेतले. तिकडे पावसाच्या सरी येत होत्या, मोटारी घसरत होत्या. सुरुवातीच्या काही तासांतच पिवळी, ३३ नंबरची कॉर्व्हेट दुरुस्तीसाठी आत गेली. चाकाजवळचा धक्के झेलणारा दांडा, आपण शॉकॲब्झॉर्बर म्हणतो तो, खराब झाला होता. बदलून बाहेर येईपर्यंत ती आपल्या वर्गात दोन फेरे मागे पडली.

मी म्हटलं, "झोपू या आता. दोन फेरे म्हणजे सत्तावीस किलोमीटर. ही काही यायची नाही."

तो म्हणाला, "काका, शॉकअप बदलला ना? मग मोटार आता नवीन झाली. अजून वीस तास आहेत. दुसऱ्यांचे काय काय मोडायचेय ते अजून मोडायचेच आहे."

मी झोपलो. तो जागा राहिला.

त्या कॉर्व्हेटच्या तीन चालकांत एक होता बेन कीटिंग. हा अमेरिकेतल्या टेक्सासचा मोटारी विकणारा व्यापारी. शर्यत हा त्याचा पोटापाण्याचा धंदा नव्हे. जी.टी. वर्गाचे हे आणखी एक वैशिष्ट्य आहे. चालकांच्या वकुबाप्रमाणे त्यांना प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी प्रत ठरवून दिलेली असते, आणि आजच्या नियमाने जी.टी.च्या प्रत्येक मोटारीत एक तरी कांस्य प्रतीचा, म्हणजे बहुधा हौशी, चालक असावाच लागतो. तिघांनी आळीपाळीने चालवायचे. कोणीही सहा तासांत चार तासांपेक्षा अधिक नाही, आणि एकूण चौदा तासांपेक्षा अधिक नाही. हौशी माणसाला केवळ नावापुरते बसवून चालत नाही, त्यालाही ठरावीक तास चालवावेच लागतात. त्यामुळे जो संघ आपल्या सर्वांत कच्च्या गड्याला नीट सांभाळतो, तो जिंकतो. गावच्या कबड्डी संघात सावकाराचा मुलगा घ्यावा लागतो, तसलेच हे आहे असे तुम्ही म्हणाल. थोडेसे आहे खरे. पण त्या मुलाने मेहनत केली तर?

कीटिंगची कहाणी अशी. २०१९ साली फोर्ड मोटार घेऊन तो आपल्या वर्गात पहिला आला. व्यासपीठावर चढला, पेला घेतला. मग तपासणी झाली. तेल भरायला कमीत कमी ४५ सेकंद लागले पाहिजेत असा नियम. यांच्या मोटारीत ४४.४ सेकंदांतच तेल भरले जात होते. त्याबद्दल वेळेचा दंड झाला. पुढे टाकी मोजली. मर्यादा ९६ लिटरची; भरली ९६.१. शंभर मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप चहा म्हणा. तेवढ्यासाठी चोवीस तासांचे यश रद्द झाले, आणि पहिला क्रमांक दुसऱ्या पोर्शला गेला. नियम कडक होता, पण अन्याय्य नव्हता असे माझे मत आहे. माप म्हटले की माप. हा माणूस घरी बसला नाही. २०२२ साली तो ॲस्टन मार्टिनमध्ये बसून पुन्हा आला आणि आपला वर्ग जिंकला. आणि २०२३ साली, त्या आमच्या अंगणातल्या रात्री, तो दोन फेरे मागे पडलेल्या पिवळ्या कॉर्व्हेटमध्ये होता.

सकाळी मी उठलो तेव्हा पुतण्याचे डोळे लाल होते, आणि तोंडावर हसू होते. रात्रीतून पुढच्या मोटारी घसरल्या, आदळल्या, आत जाऊन बसल्या. ३३ नंबरची मात्र एकसारखी फिरत राहिली. कॅट्सबर्ग हा डच, वारोने हा अर्जेंटिनाचा आणि कीटिंग, तिघांनी मिळून ते दोन फेरे थोडे थोडे करून परत मिळवले. शेताची बांधबंदिस्ती करावी तसे काम. एका दमात काही नाही. त्याच वर्गात रेहेल फ्रे, सारा बोव्ही आणि मिशेल गॅटिंग या तीन महिलांची गुलाबी पोर्शही होती. तिने चौथा क्रमांक मिळवला. गर्दीत त्या मोटारीसाठी टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या, असे निवेदक वारंवार सांगत होता. रविवारी संध्याकाळी साडेसातला पिवळी कॉर्व्हेट आपल्या वर्गात पहिली आली. शर्यत जिंकली होती फेरारीने, अठ्ठावन्न वर्षांनी. जगभर तीच बातमी होती. आमच्या अंगणात मात्र फेरारीचे नावही निघाले नाही. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिला नंबर मागत नाही. गाडी घरी पोचली पाहिजे म्हणतं." मला जे इतके दिवस कळत नव्हते, ते तिथे कळले.

या वेडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे वर्णन अपुरे राहील. ११ जून १९५५ रोजी याच ठिकाणी पिएर लेव्हे याची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर चढून बांधावर आदळली आणि तिचे जळते तुकडे प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि स्वतः लेव्हे मरण पावले. मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासात एवढा मोठा अपघात दुसरा नाही. शर्यत थांबवली नाही. प्रेक्षक एकदम बाहेर पडले तर रस्ते अडून रुग्णवाहिका निघणार नाहीत, असे कारण चालकमंडळाने दिले. त्यावर आजही वाद होतो. त्यानंतर पिटसमोरचा सर्व भाग मोडून नव्याने बांधला, प्रेक्षक आणि रस्ता यांत अंतर वाढवले. स्वित्झर्लंडने तर आपल्या देशात अशा शर्यतींवर बंदी घातली.

चालकांचा धोकाही पुरता गेलेला नाही. पूर्वी सुरुवातीला चालक रस्त्यापलीकडून धावत येऊन मोटारीत उडी टाकत. घाईत कमरेचा पट्टा कोण बांधणार? १९६९ साली जॅकी इक्स हा बेल्जियन चालक या रिवाजाचा निषेध म्हणून सावकाश चालत मोटारीकडे गेला, पट्टा बांधला आणि सर्वांच्या मागून निघाला. त्याच वर्षी पहिल्याच फेऱ्यात जॉन वुल्फ या चालकाचा मृत्यू झाला. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. आणि चोवीस तासांनंतर शर्यत जिंकली ती इक्सने, अवघ्या शंभर-सव्वाशे मीटरांनी. पुढच्या वर्षी धावत सुटण्याची ती पद्धत बंद झाली. जी.टी.च्या चाहत्यांना मात्र सर्वांत जवळचे दुःख आहे ते २०१३ सालचे. डेन्मार्कचा ॲलन सिमॉनसेन ॲस्टन मार्टिन चालवत होता. सुरुवात होऊन दहा मिनिटेही झाली नव्हती. मोटार घसरून कठड्यावर आदळली आणि तो गेला. संघाने माघार घ्यायचे ठरवले असते तर कोणी दोष दिला नसता. पण त्याच्याच कुटुंबाने सांगितले, की बाकीच्या मोटारी धावू द्या. त्या रात्री कुंपणावर उभ्या असलेल्यांना प्रत्येक ॲस्टन मार्टिन समोरून गेल्यावर काय वाटले असेल, ते सांगायला नको.

नियमही बदलत असतात, आणि त्याचा सल चाहत्यांना असतो. कारखान्यांच्या स्वतःच्या, पगारी चालकांच्या संघांचा जी.टी. गट २०२२ नंतर बंद झाला. २०२३ हे त्या जुन्या घडणीच्या जी.टी. मोटारींचे शेवटचे वर्ष ठरले. म्हणजे कीटिंगची कॉर्व्हेट त्या पिढीतली शेवटची विजेती. २०२४ पासून नवा वर्ग आला आहे. त्यातल्या मोटारी कोणालाही विकत घेता येतात, वेगवेगळ्या घराण्यांच्या मोटारींचे वजन आणि ताकद यांचा तोल नियमाने साधलेला असतो, आणि हौशी चालक सक्तीचा आहे. जुने जाणते कुरकुरतात, की पूर्वीची झुंज राहिली नाही. मला त्यांचे म्हणणे पुरते पटत नाही. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी हा वर्ग एकाच जर्मन संघाच्या पोर्शने जिंकला, आणि ऑस्ट्रियाचा रिखार्ड लिट्स दोन्ही वेळा त्या मोटारीत होता; पण त्याच्या शेजारचा हौशी गडी दोन्ही वेळा वेगळा होता. दरवर्षी नवा कच्चा सोबती घेऊन त्याला शेवटपर्यंत नेणे हे काम सोपे नव्हे, हे वर्गात शिकवणाऱ्यांना तरी सांगायला नको.

आपल्या देशाचा या शर्यतीशी संबंध थोडा, पण आहे. चेन्नईचा करुण चंढोक २०१२ साली इथे धावला आणि त्याच्या संघाची मोटार एकंदरीत सहावी आली. ती मोटार जी.टी. नव्हती, वरच्या वर्गाची होती. जी.टी.त एखादा भारतीय, त्यातून मराठी गॅरेजवाला, हौशी चालक म्हणून केव्हा बसेल, असे मी पुतण्याला विचारले. "आधी पैसे लागतात काका," एवढेच तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. या हौशी लोकांची हौस लाखांत नाही, कोटींत मोजावी लागते.

रविवारी चार वाजले, की निशाण पडते आणि मोटारी एक शेवटचा फेरा सावकाश मारतात. तेव्हा वाटेवरचे सगळे स्वयंसेवक आपापली निशाणे घेऊन रस्त्याच्या कडेला येतात आणि प्रत्येक मोटारीला ती हलवून दाखवतात. पहिलीला, आणि शेवटचीलाही. कोणाचा पुढचा पत्रा फाटलेला असतो, कोणाचे दार चिकटपट्टीने बांधलेले असते, सगळ्यांच्या अंगावर तेल, रबर आणि किड्यांचा थर असतो. मग दरवाजे उघडतात आणि लोक रस्त्यावर धावतात. बहुतेक जण विजेत्याच्या व्यासपीठाकडे जातात. थोडे लोक उलट्या बाजूला, जिथे थकलेल्या मोटारी रांगेने उभ्या करून ठेवल्या आहेत तिकडे जातात, आणि आपली मोटार कुठे आहे ते शोधू लागतात.